टाक्यांच्या अलीकडे आणि पलीकडे

निरोगी कुत्रीच्या नसबंदीचे ऑपरेशन सरावलेल्या हातांना तासाभरात आटोपते. टाके काढायला मात्र दहा ते चौदा दिवस थांबावे लागते. त्या एका तासात ती भुलीच्या अमलाखाली असते, श्वासनलिकेत नळी असते, अंगावर निर्जंतुक कापड असते आणि कुणीतरी तिची नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग डोळ्यांत तेल घालून पाहत असते. पुढचे दिवस ती घरी काढते. तिथे जिना असतो, सोफा असतो, दाराची बेल वाजली की धावत सुटायची सवय असते, शाळेतून आलेली मुले असतात आणि तिच्या केविलवाण्या नजरेने विरघळून ताटातला घास पुढे करणारी आजी असते. या सगळ्या दिवसांत डॉक्टर तिला पाहतात एकदा, फार तर दोनदा.

ऑपरेशन ठरले की घरात चर्चा होते ती डॉक्टर कोण, खर्च किती आणि वाचेल ना, एवढ्याचीच. हे प्रश्न साहजिकच आहेत. पण आधीच्या आठवड्यात काय तपासायचे, आदल्या रात्री शेवटचे खाणे कधी द्यायचे, शुद्धीवर येणाऱ्या प्राण्याजवळ कसे वागायचे आणि पंधरा दिवस त्याला स्वतःच्याच जखमेपासून दूर कसे ठेवायचे, हे विचारणारे थोडे. गर्दीच्या दवाखान्यात बसून नीट सांगणारे त्याहून थोडे. हे पुस्तक त्या न विचारल्या गेलेल्या प्रश्नांसाठी आहे. पशुशल्यचिकित्सेत आयुष्य घालवल्यावर मी एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो : प्राण्याच्या शस्त्रक्रियेत घर हा उपचाराचाच भाग असतो. आपल्या घरांत माया भरपूर आहे. त्या मायेला माहितीची जोड मिळत नाही, आणि मग नेमकी तीच माया टाके उसवायला कारण होते.

सुश्रुतसंहितेने शस्त्रकर्माचे तीन भाग सांगितले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. तयारी आणि शुश्रूषा यांना शस्त्राच्या बरोबरीने कर्माचा दर्जा देणारी ही मांडणी माणसांच्या वैद्यकातली, पण प्राण्यांच्या वैद्यकाचीही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा उल्लेख येतो. घोड्यांच्या वैद्यकासाठी शालिहोत्राचे नाव घेतले जाते, तर हत्तींच्या वैद्यकासाठी पालकाप्याच्या ‘हस्त्यायुर्वेदा’चे. या ग्रंथाच्या चार स्थानांपैकी एक शल्यस्थान आहे, आणि तो छापून प्रसिद्ध केला तो पुण्याच्या आनंदाश्रमाने, १८९४ साली. हत्ती आणि घोडा ही राजाची संपत्ती. त्यांच्यासाठी ग्रंथ लिहिले गेले. शेतकऱ्याच्या बैलासाठी होते ते गावातल्या जाणत्या माणसाचे हात : दोराचे वेढे घालून बैल पाडायचा, पाय बांधायचे, चार माणसांनी दाबून धरायचे आणि काम उरकायचे. बळ आणि चपळाई हीच त्या काळची भूल होती. वेदना थोडा वेळच राहावी म्हणून हात भराभर चालवायचा, एवढीच दया त्या पद्धतीत करता येत होती.

युरोपातही फार वेगळे नव्हते. क्लोद बूर्जेलाने फ्रान्समधल्या लिओं शहरात पहिली पशुवैद्यकीय शाळा उभी केली ती १७६१-६२ मध्ये, आणि तिथेही विद्यार्थी मुख्यतः घोड्यांचेच वैद्यक शिकत. इकडे मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. जखमी, म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांना तिथे आसरा मिळाला. उपचाराचे शास्त्र शहरात रुजले ते पुढे परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात आणि १८८६ साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात. कुत्रे आणि मांजर या अभ्यासाच्या केंद्रस्थानी यायला मात्र विसाव्या शतकाचा बराच भाग जावा लागला.

या विषयाचा इतिहास म्हणजे वैद्यकाचे लक्ष कापण्याच्या क्षणापासून हळूहळू मागे आणि पुढे सरकत गेल्याचा इतिहास आहे. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, पुढच्याच वर्षी एडिंबरात जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरला. ही औषधे जनावरांवरही लवकरच वापरली गेली, पण सर्रास नाहीत. जनावर बांधून ठेवता येते, मग भूल कशाला, हा विचार कित्येक दशके टिकला. लंडनच्या फ्रेडरिक हॉबडे यांनी कुत्र्या-मांजरांना पद्धतशीर भूल देण्याचा आग्रह धरला आणि १९१५ साली प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या भुलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९१९ मध्ये ब्रिटनने काही शस्त्रक्रियांसाठी जनावराला भूल देणे कायद्यानेच बंधनकारक केले. कापतानाच्या वेदनेची अशी दखल घेतली गेली. जाग आल्यानंतरच्या वेदनेबद्दल मात्र त्या कायद्याला काही म्हणायचे नव्हते.

पुढे थायोपेंटोन आले, पन्नाशीच्या दशकात हॅलोथेन आले. १९६२ साली तयार झालेली केटामाइन आणि झायलाझिन ही दोन औषधे नंतर जगभर पसरली आणि भारतातल्या साध्या दवाखान्यांत, शिबिरांत, तंबूत ऑपरेशने शक्य झाली. आज शहरांतल्या चांगल्या रुग्णालयांत आयसोफ्लुरेनसारखा वायू, प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे यंत्र, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, गरम हवेची पांघरुणे हे सगळे दिसते. तालुक्याच्या ठिकाणी याच्या निम्मेही नसते. तिथले कितीतरी डॉक्टर स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि अनुभव यांच्या बळावर उत्तम काम करतात. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे.

भूल किती धोक्याची, या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देणारा मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झाला. सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरे त्यात नोंदली गेली. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे सहाशेत एक होते, मांजरांत थोडे अधिक आणि सशांत तर ७२ मध्ये एक. कुत्रा मुळात निरोगी असेल तर धोका बराच कमी, जवळपास दोन हजारांत एक. प्राणी पाळणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट याच अभ्यासात पुढे आहे. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी आणि मांजरांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास ऑपरेशन सुखरूप संपल्यानंतर गेली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. शेवटचा टाका पडला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, पाहणारी नजर सैल होते, आणि धोका तेव्हा संपलेला नसतो. म्हणूनच ‘लगेच घरी न्या’ असे म्हणणाऱ्या दवाखान्यापेक्षा ‘मान उचलून नीट बसेपर्यंत थांबा’ म्हणणारा दवाखाना मला अधिक भरवशाचा वाटतो.

या क्षेत्रात आज चार विचारधारा ठळकपणे दिसतात. पहिली सुरक्षिततेची : रक्त तपासा, हृदय ऐका, प्राण्याची धोक्यानुसार प्रतवारी करा, शिरेत सुई लावून ठेवा, क्षणाक्षणाची नोंद ठेवा. दुसरी वेदनेची. ‘थोडे दुखत राहिले तर जनावर गप्प पडून राहते आणि टाके शाबूत राहतात’ असे एके काळी शिकवले जाई. ही समजूत आता मागे पडली आहे. दुखणारे जनावर खात नाही, झोपत नाही आणि जखम भरायला उशीर होतो. २००१ साली ग्लासगो विद्यापीठाने कुत्र्यांच्या वेदनेचे मोजमाप करणारी पट्टी तयार केली. २०१९ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत दिली. कान बाजूला झुकणे, डोळे आखडणे, तोंडाचा भाग ताणला जाणे, मिशा ताठ होणे, डोके खांद्यांच्या खाली जाणे, या पाच खुणा. ऑपरेशननंतर कोपऱ्यात मुकाट बसलेल्या मांजरीला ‘किती शहाणी आहे, अजिबात त्रास देत नाही’ असे म्हणताना मी अनेक घरांत ऐकले आहे. त्या मांजरीकडे या पाच खुणा लक्षात ठेवून पाहिले तर वेगळेच काही दिसू शकते.

वेदना कापण्याआधीच रोखावी, आणि एकाच औषधाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधे थोडीथोडी वापरावीत, असे ही विचारधारा सांगते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या परवान्यांमुळे मॉर्फिनसारखी औषधे छोट्या दवाखान्याला सहज ठेवता येत नाहीत. पण आपल्या पशुवैद्यकांच्या हातात एक कौशल्य पिढ्यांपासून आहे. गाय उभीच ठेवून, पाठीच्या मणक्याजवळच्या नसा बधिर करून, तिच्या पोटातून प्लास्टिक आणि तारा काढणारे डॉक्टर महाराष्ट्रात गावोगाव आहेत. शिंगाच्या कर्करोगात शिंगाची नस बधिर करून ते शिंग मुळापासून काढतात. नसा बधिर करण्याची हीच कला कुत्र्या-मांजरांच्या टेबलावर आणली तर स्वस्तात उत्तम वेदनाशमन होते. हे व्हायला हवे तितके अजून होत नाही, आणि त्याची मला खंत वाटते.

तिसरी विचारधारा भीतीची दखल घेते. अमेरिकेतल्या सोफिया यिन यांनी प्राण्यांना कमी ताण देत हाताळण्यावर भर दिला, मांजरांसाठी वेगळी व्यवस्था असलेल्या दवाखान्यांची चळवळ उभी राहिली, आणि घाबरलेल्या प्राण्याला भूल अधिक लागते, जागही वाईट येते, हे मान्य झाले. मांजराची पेटी ऑपरेशनच्या सकाळी माळ्यावरून काढली तर मांजराच्या दृष्टीने ती पेटी म्हणजे संकटच. तीच पेटी दोन-तीन आठवडे आधी खोलीत उघडी ठेवली, आत जुने फडके आणि रोज थोडा खाऊ ठेवला, तर मांजर आपणहून आत जाऊन झोपते. या तयारीला एक रुपयाही लागत नाही. चौथी विचारधारा पुनर्वसनाची : बर्फाचा शेक, सांध्यांच्या हलक्या हालचाली, पाण्यातला व्यायाम, दोरीने धरून मोजून चालवणे. हाडांच्या आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियांत ती फार मोलाची ठरते. पूर्ण विश्रांती की लवकर हालचाल, असा वाद तिथे चालू असतो. माझे मत असे की, धावणे, उडी आणि जिना यांना सक्त मनाई करावी, सावकाश चालण्याला मात्र करू नये.

वाद इतरही आहेत. नसबंदी कोणत्या वयात करावी, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर केलेले काम प्रसिद्ध आहे. मोठ्या जातींत फार लवकर केलेली नसबंदी सांध्यांना बाधू शकते, असे त्यातून दिसले. हे ऐकून आपल्याकडे काही जण नसबंदी कायमचीच पुढे ढकलतात. मग कुत्री मध्यमवयीन झाली की हीट येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तिला तहान फार लागू लागते, ती खाणे सोडते, आणि गर्भाशयात पू झाल्याचे निदान होते. जे ऑपरेशन निरोगी शरीरावर, सवडीने, तयारीने करता आले असते, तेच मध्यरात्री, विषबाधा झालेल्या शरीरावर करावे लागते. वयाबद्दल डॉक्टरांशी जरूर चर्चा करावी, पण तारीख ठरवल्याशिवाय उठू नये.

आता आपल्या घरांकडे येतो, कारण पुस्तकाचा खरा जीव तिथे आहे.

‘रात्रभर उपाशी कसं ठेवायचं हो डॉक्टर?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची क्षमता जाते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. म्हणून उपास. पण हा उपास जितका लांब तितका चांगला, ही समजूतही चुकीची. पूर्वी बारा तास आणि त्याहून जास्त सांगत. आता निरोगी प्रौढ कुत्र्याला चार ते सहा तास पुरेसे मानतात, आणि पाणी बहुधा अगदी शेवटपर्यंत चालते. फार वेळ रिकाम्या पोटी ठेवले तर आम्ल वाढून अन्ननलिकेला त्रास होतो. लहान पिल्लांची साखर उतरते, म्हणून त्यांचा उपास तास-दोन तासांचाच. मधुमेही प्राण्याचे वेळापत्रक पूर्ण वेगळे. सशाला आणि गिनीपिगला तर उपाशी ठेवायचेच नसते. त्यांना उलटी होत नाही, उलट आतड्यांची हालचाल थांबली तर तेच जिवावर बेतते. तेव्हा शेजाऱ्याच्या कुत्र्याला काय सांगितले होते यावर जाऊ नये, आपल्या प्राण्याचे तास आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. आणि घरातल्या कुणी पहाटे न राहवून दुधात बुडवलेले बिस्कीट दिले असेल, तर ते दवाखान्यात पोचताच सांगावे. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी करता येते. रागावतील म्हणून लपवलेले बिस्कीट फार महागात पडते.

आपल्या हवामानाचे आणि सवयींचे काही धोके परदेशी पुस्तकांत ठळक नसतात. गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. कुत्रा बाहेरून हिंडता-फिरता दिसतो आणि टेबलावर रक्त थांबत नाही. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी रक्ततपासणीचा आग्रह आपण स्वतः धरावा, खर्च वाचवायचा तर दुसरीकडे वाचवावा. चपट्या नाकाचा पग २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे आपल्या घराघरांत पोचला. त्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद, म्हणून भुलीतून बाहेर येताना त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ बसावे लागते. मे महिन्यात आंब्याची कोय गिळलेले लॅब्रेडॉर येतात, वर्षभर सुई-दोरा गिळलेली मांजरे येतात, उंच इमारतींच्या जाळी नसलेल्या खिडक्यांतून पडलेली मांजरे येतात. या तातडीच्या ऑपरेशनांना तयारीचा आठवडा मिळत नाही. पण घरात त्याच्या लसींची, आजारांची, चालू औषधांची वही तयार असेल तर तेवढी तयारी आधीच झालेली असते. ठरवून करायचे ऑपरेशन दिवाळीच्या आठवड्यात ठेवू नये. फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा पलंगाखाली घुसतो आणि टाके तुटतात.

पावसाळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ओल्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी बसते आणि दिवसभरात अळ्या पडू शकतात. त्या दिसल्या की घरात टर्पेंटाइन शोधले जाते, फिनेल ओतले जाते, हळद दाबली जाते. हळदीवर आपला जीव आहे, तो असू द्यावा. पण व्यवस्थित शिवलेल्या कोरड्या जखमेला हळदीची, तेलाची, राखेची कशाचीच गरज नसते. तिला कोरडे राहू देणे हेच औषध. टर्पेंटाइनने कातडी आणि आतले मांस भाजते, आणि प्राणी ते चाटतो. जखमेकडे दिवसातून दोनदा उजेडात पाहावे, रोज एक फोटो काढून ठेवावा. कालच्या आणि आजच्या फोटोत फरक दिसला की डॉक्टरांना काय सांगायचे तेही कळते.

गळ्यातली प्लास्टिकची कॉलर हा घराघरांत भांडणाचा विषय. तिच्यामुळे प्राण्याला त्रास होतो हे खरे आहे. सिडनी विद्यापीठाने २०२० मध्ये मांडलेल्या पाहणीत बहुतेक पालकांनी तसेच सांगितले. तो भिंतीला धडकतो, वाटीतले खाता येत नाही, रडवेला होतो. मग रात्री कुणालातरी कीव येते आणि कॉलर निघते. ‘चाटल्याने जखम भरते’ असा दिलासाही दिला जातो. जीभ खरखरीत असते, तोंडात जंतू असतात, आणि एका रात्रीत सगळे टाके निघू शकतात. कॉलर काढण्यापेक्षा तिच्यात जगणे सोपे करावे : वाटी उंच ठेवावी, वाटेतले फर्निचर सरकवावे, कडा मऊ कापडाने मढवाव्यात, डॉक्टरांनी होकार दिला तर पोटाच्या टाक्यांसाठी अंगाला घट्ट बसणारा सदरा शिवून घ्यावा.

औषधांच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नाही. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निरुपद्रवी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक. डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅमसारखे औषध देतात. याच औषधाचा आपल्या गिधाडांशी संबंध आहे : डायक्लोफेनॅक टोचलेली गुरे खाऊन भारतातली गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि गिधाडांना सुरक्षित म्हणून जे औषध पुढे आले ते मेलोक्सिकॅम. पण तेही ठरल्या मात्रेत, ठरल्या दिवसांपुरतेच. ‘अजून जरा लंगडतोय’ म्हणून आठवडाभर वाढवण्याचे ते औषध नाही. या पुस्तकात कुठेही औषधाची मात्रा दिलेली नाही, ती मुद्दामच गाळली आहे.

पहिल्या रात्रीचे भय वेगळेच असते. गुंगी उतरताना काही कुत्री विव्हळतात, ओळख नसल्यासारखी पाहतात, तोल जातो. ते दरवेळी दुखणेच असते असे नाही, औषधाचा अंमल उतरतानाही असे होते. मंद दिवा, जमिनीवर गादी, ऊब, आणि कमी माणसे, एवढे त्याला पुरते. नळीमुळे दोन दिवस थोडा खोकला येऊ शकतो, दोन-तीन दिवस शौचाला न होणेही नेहमीचेच. हिरड्या पांढऱ्या पडणे, पुन्हा पुन्हा उलटी, दिवसभर लघवी न होणे, पोट फुगणे, जखम उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मांजराने दोन दिवस काही खाल्ले नाही तर तेही तातडीचेच समजावे, कारण उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते. आणि घरात दुसरे मांजर असेल तर परतलेल्या मांजराला दवाखान्याचा वास येतो. जुनी मैत्री असूनही ती फिस्कारतात. एक-दोन दिवस दोघांना वेगळे ठेवावे.

सर्वांत फसवा काळ तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो. कुत्रा शेपूट हलवत दाराशी येतो, चेंडू आणून देतो. घर खूश होते. वरची कातडी जुळलेली दिसते, पण आतला स्नायूंचा थर अजून कच्चा असतो. मोडलेल्या हाडाला लावलेली पट्टी फक्त आधार देते. हाड स्वतःच्या गतीने, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा जुळते. त्याला बरे वाटणे आणि तो बरा होणे यांत काही आठवड्यांचे अंतर असते, आणि तेवढा काळ त्याच्या उत्साहाला आपणच आवर घालायचा असतो.

हा विषय आत्ताच मराठीत का यावा? शहरांत छोट्या कुटुंबांत प्राणी वाढले, चांगल्या खाण्याने आणि लसींनी ते जास्त जगू लागले, आणि म्हातारपणासोबत गाठी, दात, सांधे, डोळे यांची ऑपरेशने आली. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे छोट्या प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाले. अशी सोय असणारी शहरे वाढतील. पण ऑपरेशननंतर प्राण्याला सांभाळणारे असतात नोकरीला जाणारे नवरा-बायको किंवा घरी असलेले आईवडील, आणि डॉक्टरांची सूचनापत्रे बहुधा इंग्रजीत. ज्या आजोबांनी दिवसातून तीनदा गोळी द्यायची, त्यांना समजेल अशा भाषेत कागद नसेल तर सर्वांत महाग ऑपरेशनही अर्धवट राहते. दुसऱ्या टोकाला तालुका आहे. तिथल्या सरकारी दवाखान्याची मुख्य जबाबदारी गाई-म्हशींची, आणि कुत्र्याचे ऑपरेशन झाल्यावर त्याला ठेवायला वेगळी खोली नसलेली घरे बहुसंख्य. एका खोलीच्या घरात पलंगाचा पाय आणि छोटी दोरी यांतून विश्रांतीची जागा कशी करायची, हेही सांगायला हवे, आणि या पुस्तकात ते सांगितले आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही इथे जागा आहे. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने झाले. नसबंदी आणि लस झालेला कुत्रा त्याच्याच गल्लीत परत सोडायचा, हा त्यांचा गाभा. म्हणजे त्याची शुश्रूषा करणारे घर गल्लीच. कानाला नसबंदीची खूण असलेला कुत्रा परतल्यावर त्याला कोरडी जागा, पाणी आणि काही दिवस लक्ष देणारी दोन माणसे मिळाली, तर मोहिमेचे काम तडीस जाते.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. गुरांच्या आणि घोड्यांच्या शस्त्रक्रिया यात नाहीत. त्यांचे व्यवहार, ओझी आणि अर्थकारण वेगळे, त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे. पक्ष्यांबद्दल थोडेच आहे. ऑपरेशन न करण्याच्या निर्णयावर मात्र पुस्तक थांबून बोलते, आणि मला ते फार आवडले. म्हातारपण हा स्वतः आजार नव्हे, बारा वर्षांच्या कुत्र्यालाही चांगले ऑपरेशन चांगले दिवस देऊ शकते. पण कधी कधी गाठ काढून हाती येतात ते वेदनेचे चार महिने. अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ विचाराव्यात : केले नाही तर काय होईल, केले तर त्याचे पुढचे दिवस कसे जातील, आणि एकूण खर्च किती. खर्च विचारण्यात माया कमी पडत नाही. अर्ध्यावर थांबलेल्या उपचाराइतका त्रास दुसरा कशाचाच होत नाही.

हे पुस्तक लिहिणाऱ्यांनी डॉक्टरांची बाजूही राखली आहे आणि घरच्यांचीही. डॉक्टरांनी ते वाचावे, कारण आपण घाईत काय काय सांगायचे विसरतो ते त्यांना यात दिसेल. प्राणी पाळणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक ऑपरेशनच्या आदल्या रात्री उघडू नका; तारीख ठरेल त्या दिवशी घरी आणा, आणि आपण वाचून झाल्यावर घरात जी व्यक्ती त्याला रोज खायला घालते, तिच्या हातात द्या.